चहाच्या रंगाचा प्लग

माझ्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या डब्यात, हॅक्सॉ ब्लेडचा एक तुटका तुकडा आहे. लोखंड कापतात त्या पात्याचा. बोटाच्या पेराएवढा, एका टोकाला भोक आणि भोकात लाल दोरा. मुलगी विचारते, हे काय गं आई? मी सांगते, डब्याचं झाकण उचकटायला. पण झाकणं मी चमच्यानेच उचकटते. हा तुकडा माप घ्यायचा आहे. स्कूटरच्या स्पार्क प्लगला खालच्या टोकाशी मधोमध एक खिळा असतो आणि त्याच्यावर वाकलेली आकडी. दोघांच्या मधे फट. ठिणगी उडते ती त्या फटीत. फट वाढली तर ठिणगी पोचत नाही, कमी झाली तर काजळी धरते आणि विझते. फट या तुकड्याच्या जाडीएवढी पाहिजे. तुकडा आत सरकला पाहिजे, पण सुळकन नाही. भाकरीखाली उलथनं घालताना हाताला जेवढं अडतं, तेवढं अडलं पाहिजे.

हे मला चांगुणाकाकीने शिकवलं. घणसोली गावातली माझी घरमालकीण. ती गेली. तिच्या दहाव्याला मी जाऊन आले, आणि आल्यापासून हा तुकडा डब्यातून काढून बघते आणि परत ठेवते. गॅस बंद केलाय का ते मी जसं दोनदा बघते, तसं.

काकीच्या घराच्या पोटातून एक बोळ जायचा. त्याला दोन तोंडं. एक गल्लीत उघडायचं, दुसरं मागच्या तळ्याच्या पायऱ्यांवर. एका बाजूला काकीचं घर, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोल्या, आणि भिंतीला टेकून ती स्कूटर. दिवसासुद्धा तिथे दिवा लावावा लागायचा. आजूबाजूला टॉवर झाले तसं बोळात येणारं उरलंसुरलं ऊनही गेलं. स्कूटरवर काकीची जुनी साडी टाकलेली असायची. हँडलमुळे त्या साडीला खांदे यायचे, आणि उजेडातून एकदम आत शिरलं की वाटायचं, कोणीतरी बाई भिंतीकडे तोंड करून बसली आहे. इतकी वर्षं राहिले तरी मी दरवेळी जराशी दचकायचेच. मग वास यायचा आणि बरं वाटायचं. सुकट, शिळं पेट्रोल, ओल धरलेला चुना, तळ्यातलं शेवाळ. असा वास मला दुसरीकडे कुठे आला नाही.

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली. का सुटली ते राहू द्या, सुटली. गावाकडच्या एका बाईच्या ओळखीने एमआयडीसीत पॅकिंगचं काम मिळालं आणि खोली शोधत मी या बोळात आले. तोवर सहा-सात घरमालकांनी आडनाव विचारून खोली नुकतीच गेली असं सांगितलं होतं. काकी ओट्यावर बसून सुकट निवडत होती. तिने आडनाव विचारलं नाही. एवढंच विचारलं की सुकटीचा वास चालंल ना, कारण तो काही बंद होनार नाय. मी पिशवी तिथेच खाली ठेवली. त्या दिवशी भिंतीवर निळ्या कोटातला फोटो लावायला मी खिळा मागितला, तर ती स्वतःच हातोडी घेऊन आली आणि म्हणाली, “कंचा देव तुजा?”

मी म्हटलं, “देव नाहीत काकी. बाप आहेत आमचे.”

“मंग आनखी वर लाव. बापाला एवढ्या खाली कोन लावतं?”

मी तिला कायम तुम्ही म्हणायचे. आमच्याकडे मोठ्या बाईला तसंच म्हणतात, आणि त्यात मी भिडस्त. तिला ते मुळीच आवडायचं नाही. मी काय तलाठीन हाय का, म्हणायची, तुमी तुमी काय लावलंय, तू बोल. मला शेवटपर्यंत जमलं नाही. आता लिहिताना मात्र एकेरीच येतंय.

त्या घरात मला पहिल्यांदा गाढ झोप लागली. माझी खोली काकीच्याच घरातून फळी ठोकून काढलेली, फळीच्या पलीकडे काकी झोपायची. मी कडी पुन्हा पुन्हा चाचपायला उठले की ती पलीकडून खोकायची. म्हणजे, लागलीय कडी, नीज आता. तेवढ्या खोकल्यावर मी किती वर्षं काढली त्या गावात, ते माझं मला माहीत.

स्कूटर काकांची होती. काकांना मी पाहिलेलं नाही. मी आले तेव्हा त्यांना जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. हार घातलेला फोटो होता, पण काच इतकी धुरकटलेली की त्यातल्या फक्त मिशा दिसायच्या. माणूस म्हणून मला ते माहीत झाले ते प्लगांवरून. बोळातल्या कोनाड्यात वापरून काढलेल्या जुन्या प्लगांची रांग होती. चिनीमातीची पांढरी अंगं वर, काळी तोंडं खाली. दिव्याच्या उजेडात ते दातांसारखे दिसायचे. भंगारवाला कितीदा मागून गेला. काकी म्हणायची, त्यांचे हायत, ऱ्हाऊ दे.

पितृपक्ष आला तेव्हा मला सगळं कळलं. आमच्यात पिंड नाही, कावळा नाही, त्यामुळे मला ते पहिल्यापासून सांगावं लागलं. काकांच्या दहाव्याला म्हणे तळ्याच्या पायरीवर पिंड ठेवला आणि कावळे नुसतेच बघत बसले. भाऊबंदांनी हात जोडून जमिनीचं बोलून पाहिलं, वनिताच्या लग्नाचं बोलून पाहिलं. वनिता म्हणजे काकीची एकुलती एक मुलगी. कावळा काही शिवेना. ऊन चढलं. शेवटी काकांचा पुतण्या काहीतरी आणायला निघाला, त्याने बोळातली स्कूटर काढून किक मारली, आणि तो आवाज आला तसा एक कावळा सरळ खाली उतरून पिंडाला शिवला. सगळे म्हणाले, बघा, जीव गाडीत होता. तेव्हापासून पितृपक्षात काकांचं पान छपराच्या पत्र्यावर ठेवलं की स्कूटर चालू करायची. गाडी सुरू झाल्याशिवाय त्या पानावर कावळा यायचा नाही. एरवी गाडीला कोणी हात लावायचं नाही. चालवायची तर नाहीच.

त्या वर्षी पुतण्या गावात नव्हता. मी कामावरून आले तर काकी बोळात फतकल मारून बसलेली, स्कूटरच्या बाजूचं पत्र्याचं झाकण काढलेलं, हातात प्लगचा पाना. गाडी सुरू होत नव्हती. पत्र्यावर पान वाळत होतं आणि दोन-तीन कावळे मान वाकडी करून खाली बघत होते. मला म्हणाली, पोरी, तुज्या पायात ताकद हाय, जरा किक मार.

मला भीती वाटली, कावळ्यांची नाही, काही तुटलं-फुटलं तर त्याची. पण ती सांगत गेली आणि मी करत गेले. प्लगवरची रबरी टोपी ओढून काढायची. पाना बसवायचा आणि उलटा फिरवायचा. पहिल्यांदा दात खाऊन, मग हलकेच. प्लग बाहेर आला की आधी वास घ्यायचा. मग पॉलिश पेपरने टोक घासायचं, फुंकायचं, लाल दोऱ्याचा तुकडा फटीत घालून बघायचा. जास्त झाली असेल तर प्लगचं टोक लादीवर हलकेच ठोकायचं, चिमणीने चोच मारावी एवढंच. मग तो टोपीत घालून इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरायचा आणि किक मारायची. ठिणगी निळी पडली पाहिजे. पिवळी पडली तर प्लग मेला.

काकीने दिवा बंद करून प्लग टेकवून धरला, मी किक मारली. त्या अंधाऱ्या बोळात चट् झालं आणि पिवळ्या उजेडात काकीचं तोंड क्षणभर दिसलं. ते तोंड माझ्या ओळखीचं नव्हतं. ते एका लहान मुलीचं होतं, ऐकण्यासाठी श्वास रोखून धरलेल्या मुलीचं. पुढच्या क्षणी अंधार झाला आणि काकी काकीच्या आवाजात म्हणाली, पिवली हाय, जल्ला मेला, गेल्या सालीच नवीन घातलेला, आता परत आनावा लागंल.

मी म्हटलं, काकी, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं? ती म्हणाली, शिकवतोय कोन, बॅटरी धरून उबी ऱ्हायली ना मी. तिन्हीसांजेला गाडी खोलून बसायचे आनि मी बॅटरीचा उजेड धरायची. हात हलला तर समजायचंच.

मला वाटलं, काका ओरडत असतील.

जुना प्लग नमुना म्हणून घेऊन मी स्टेशनकडच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराने तो उजेडात फिरवून पाहिला. म्हणाला, ताई, गाडी मस्त ठेवलीय तुम्ही, रोज लांब जाते वाटतं. मी म्हटलं, नाही हो, गाडी उभीच असते. तो हसला. त्याने मला टोक दाखवलं. उभी गाडी नुसती चालू करून बंद केली की प्लग काळा होतो म्हणे, ओला, काजळीने भरलेला. हा बघा, चहाच्या रंगाचा आहे. असा रंग रस्त्यावर तापून पळालेल्या गाडीच्या प्लगला येतो. आणि टोकं बघा कशी गोल झिजलीत. फट वाढलीय, ती झिजूनच वाढते. उभ्या गाडीची नाही वाढत.

मी त्याला पैसे दिले. नवीन प्लग घेऊन घरी आले आणि काकीला सांगितलं. वाटलं, घाबरेल. तिने जुना प्लग हातात घेतला, डोळ्यांपाशी नेला, आणि भाजीवाल्याकडची जून भेंडी बघावी तसा बघितला.

“खाडीवर जाऊन आला. बग, मीठ लागलंय.”

खरंच टोकाशी जरा पांढरं होतं.

“काकी, गाडी तर उभी आहे.”

“गाडी उबी हाय. ज्याला फिरायची सवय, तो काय गाडी उबी म्हनून घरात बसतो?” मग प्लग कोनाड्यातल्या रांगेत ठेवत ती म्हणाली, “फिरू दे. फिरतोय तवर घरात नाय ना.”

मी हसले. तीही हसली. तो विनोद आहे असं मला वाटलं.

तेव्हापासून दर पितृपक्षात ते काम माझं झालं. पुढे मी घणसोली सोडून खांदेश्वरला आले, संसार झाला, मुलगी झाली, तरी त्या दिवशी पर्समध्ये नवीन प्लग टाकून जायचेच. कावळ्यावर माझा विश्वास नव्हता. काकीवर होता. जिने मला आडनाव न विचारता छप्पर दिलं, तिच्यासाठी वर्षातून एकदा हात काळे करायचे, यात काय मोठं. आणि दरवर्षी झाकण काढताना मी मनात म्हणायचे, या वेळी प्लग काळा निघू दे. दुकानदाराने सांगितला तसा, उभ्या गाडीचा. दरवर्षी तो चहाच्या रंगाचा निघायचा. दरवर्षी फट वाढलेली असायची. काकी तो बघून काहीतरी बोलायची. या साली कुठं लांब गेला न्हाई. किंवा, डोंगर चढला वाटतं, जलालाय. एका वर्षी टोकाला बारीक लालसर माती होती. त्या वर्षी तिने ती नुसती पदराने पुसून टाकली.

त्या दिवसाची एक रीत होती. किक मारायच्या आधी काकी रेडिओ बंद करायची. एरवी तिचा रेडिओ सकाळी उठल्यापासून चालू असायचा, त्याची वायर पंख्याच्या बटणाला कशीतरी जोडलेली. तो बंद झाला की घर एकदम रिकामं वाटायचं. मग ती दारातल्या सगळ्या चपला सरळ लावायची, जोडीला जोड, टाचा भिंतीकडे. तांब्या भरून ठेवायची. भांड्यांवर झाकणं घालून ती नीट बसली आहेत ना ते हाताने दाबून बघायची. पदर डोक्यावरून घ्यायची. आणि चौकटीला एक हात लावून उभी राहायची. म्हणायची, हां, मार आता.

गाडी आधी जराशी आडवी करायची, पेट्रोल खाली उतरायला. मग किक. पहिल्या-दुसऱ्या किकला नुसता घशातला खरखराट. मग एकदम फट् करून पेटायची आणि बोळ निळ्या धुराने भरून जायचा. आवाज दोन्ही भिंतींवर आपटून दुप्पट व्हायचा. कोनाड्यातले प्लग एकमेकांना लागून किणकिणायचे. त्या किणकिणण्यात कोणीतरी दात खातंय असं वाटायचं. मग पत्र्यावर खडखड. कावळा आला.

“जेवला. बंद कर. बंद कर बाय, लवकर.”

गाडीचा बंद करायचा खटका कधीचा मोडला होता. जाड फडकं हातात धरून प्लगची टोपी ओढायची, की गाडी जागच्या जागी मरायची. काकीला तेवढाही उशीर सहन व्हायचा नाही. मला वाटायचं, आठवणीने कासावीस होते बिचारी. केवढा जीव होता हिचा त्यांच्यावर, की अजून तांब्या भरून ठेवते. मला स्वतःची लाज वाटायची, की मी मेलीने कधी कोणाची अशी वाट पाहिली नाही.

आणि मग घर बदलायचं. ते मला सगळ्यांत जास्त आठवतं. काकी पदर खांद्यावर टाकायची, पायातल्या चपला ओट्याखाली कुठेही भिरकवायची, एक इकडे एक तिकडे. रेडिओ लावायची, तोही मोठ्याने. गवती चहा घालून चहा करायची, साखर मुठीने. तांदळाची भाकर आणि सुकट. खायला घालताना मला चिडवायची, तुज्या परभनीत समुद्र नाय, बिचारे करतात तरी काय. दुपारभर आम्ही पाय पसरून बसायचो, तळ्यावर ऊन हलायचं, आणि ती आजूबाजूच्या बायांच्या नकला करायची. वर्षातला तिचा सगळ्यांत आनंदाचा दिवस तो. वनिता मात्र त्या दिवशी कधी यायची नाही. सीबीडीला ऑफिसात नोकरी, सुट्टी मिळत नाही म्हणायची. काकांच्या तिथीचा वार दरवर्षी बदलायचा, तरी तिची सुट्टी बरोबर त्याच दिवशी नसायची.

आता दहाव्याचा दिवस.

शेवटचं वर्षभर काकी अंथरुणावरच होती. घर पाडून तिथे बिल्डिंग होणार हे ठरलं होतं. दहाव्याला तळ्याच्या पायऱ्यांवर सगळं गाव जमलं. पिंड ठेवला. कावळे भरपूर होते, पत्र्यावर, मोबाईलच्या टॉवरवर, वाळत घातलेल्या जाळ्याच्या दांड्यांवर. सगळे गप्प. मी गावाकडे उन्हाळ्यात कावळे पाहिलेत, गप्प बसलेला कावळा मी कधी पाहिला नव्हता. पुतण्या हात जोडून बोलला, वनिताला आम्ही अंतर देनार नाय. काही नाही. कोणी म्हणालं, घराला तुजंच नाव देतो. काही नाही. भटजींनी घड्याळ बघून दर्भाचा कावळा करायला घेतला. गवताच्या काडीचा कावळा करून तो पिंडाला लावायचा आणि उरकायचं, अशी सोय असते म्हणे.

वनिताने त्यांचा हात धरला. ती एरवी ऑफिसातलं शुद्ध बोलते. तेव्हा नाही बोलली.

“मना दर्भाचा नको. माजी आये उपाशी नाय जानार.”

मग ती वळली आणि गर्दीत मला शोधून म्हणाली, “ताई, गाडी चालू कर. तिचा जीव गाडीतच असंल. दर साली तीच तर चालू करून घ्यायची.” सगळ्या माना हलल्या. बरोबर, बरोबर, गाडी.

प्लग माझ्या पर्समध्ये होता. सकाळी निघताना का टाकला ते मला माहीत नाही. दहाव्याला जाताना कोणी प्लग नेत नाही. पण मी अशी, की सोबत असलेलं बरं. पुतण्याने त्याच्या बाईकमधून बाटलीभर पेट्रोल काढून दिलं. मी बोळात गेले. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या त्या बाईच्या अंगावरून साडी काढली. झाकण काढलं, टोपी ओढली, पाना लावला. घट्ट बसला असेल असं वाटलं होतं. बोटाने फिरवावा तसा सुटला, कोणी नुकताच लावल्यासारखा. आणि हाताला कोमट लागला.

बोळात ऊन येत नाही, हे मी लिहिलंय वर.

चहाच्या रंगाचा. टोकं झिजून गोल. फटीत लाल दोऱ्याचा तुकडा घातला तर तो नुसताच लटकला, दोन्हीकडे जागा उरली. इतकी वाढलेली फट मी कधी पाहिली नव्हती. तो प्लग मी रांगेत ठेवला नाही, जमिनीवर ठेवला, जरा लांब. नव्या प्लगची फट तपासली, लादीवर एकदा ठोकला, परत तपासली. हात हलू नये म्हणून मनगट गुडघ्यावर टेकवलं, आणि मला काकीचं ते वाक्य आठवलं, हात हलला तर समजायचंच. प्लग लावला. गाडी आडवी केली, सरळ केली, किक मारली.

पहिल्या किकला पेटली. असं कधी झालं नव्हतं.

आवाज भिंतींवर आपटला, धूर उठला, कोनाड्यात किणकिण सुरू झाली. मी पत्र्यावरच्या खडखडाटाची वाट बघत होते. तो झाला, पण उलटा. सगळे कावळे एकदम उडाले. बोळाच्या तोंडातून मला तळ्यावरचं आभाळ दिसत होतं, ते क्षणभर काळं झालं आणि मग पूर्ण रिकामं. खाडीकडे गेले सगळे. लोक वर बघत उभे. कोणीतरी म्हणालं, रेस कर जरा, आवाज वाढव.

आणि मी वनिताला पाहिलं. ती पायऱ्यांवरून बोळाच्या तोंडाशी आली होती. तिथे दहाव्याला आलेल्यांच्या चपला पडल्या होत्या, ढीगभर. ती खाली बसून त्या सरळ लावत होती. जोडीला जोड, टाचा भिंतीकडे. डोक्यावरून ओढणी घेतलेली. तोंड पांढरं. ती काय करते आहे ते तिचं तिलाही कळत नव्हतं. हात आपले आपण चालले होते. काकीचेच हात.

तेव्हा मला रेडिओ आठवला. तो कधी बंद व्हायचा आणि कधी लागायचा, ते. काका यायच्या आधी बंद, काका गेले की मोठ्याने; ती वाट पाहणं नव्हतं, तो धाक होता.

मी फडकंसुद्धा घेतलं नाही. टोपी ओढली. खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या आणि गाडी मेली. तेवढ्यावर थांबवेना. पाना लावून तो नवा प्लगही काढला, बोटं पोळली, आणि तो हातात घेऊन मी तशीच पायऱ्या उतरले. लोक विचारत होते, काय झालं, बंद का केली. मी पिंडासमोर बसले. आमच्यात हे नाही. मला मंत्र येत नाहीत, हात कसे जोडायचे तेही माहीत नाही. मी हाताची मूठ उघडून प्लग दाखवला, माणसाला दाखवतात तसा.

“काकी, गाडी बंद केली गं. परत नाही चालू करणार कोणी. तू जेव आता.”

तू म्हटलं. तिथे माझं मलाच ते ऐकू आलं.

तळ्यावर इतकं शांत झालं होतं की पाण्यात माशाने तोंड वर काढलेलंही ऐकू आलं. मग पलीकडच्या काठावरून एक कावळा आला. घाईत नव्हता. पायरीवर उतरला, दोन उड्या मारल्या, पिंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भातात चोच घातली. एक घास घेऊन उडाला नाही. तिथेच उभा राहून खात राहिला, पोटभर, इकडे तिकडे भात सांडत. मागे वनिता उठून उभी राहिल्याचं मला कळलं. चपला तिने परत पायाने उधळल्या, तेवढा आवाज आला.

स्कूटर भंगारात गेली. कोनाड्यातले प्लगही गोणीत भरून गेले, आणि जमिनीवर ठेवलेला तो चहाच्या रंगाचाही. मी हा लाल दोऱ्याचा तुकडा तेवढा मागून घेतला. वनिता म्हणाली, ने ताई, तुजाच हाय. आता गल्लीच्या बाजूने पत्रे ठोकलेत आणि बोळ राहिलेला नाही. बाहेर उभं राहिलं तर वासही येत नाही. येतो तो फक्त सिमेंटचा.

काल संध्याकाळी घरात मी एकटी होते. रेडिओवर गाणी चालली होती, मी मेथी निवडत होते. खाली रस्त्यावर कुठली तरी जुनी स्कूटर आली. हल्ली तसा आवाज ऐकू येत नाही, तसल्या गाड्याच राहिल्या नाहीत. आमच्या बिल्डिंगपाशी येऊन ती थांबली, पण बंद झाली नाही, नुसती फटफटत राहिली. मेथीच्या वासात निळ्या धुराचा वास मिसळला. आमचा तिसरा मजला आहे.

मी कडी बघायला उठले. आणि दाराशी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी वाकलेली आहे आणि माझे हात चपला सरळ लावताहेत. मुलीच्या, यांच्या, माझ्या. जोडीला जोड. रेडिओ बंद होता. तो मी कधी बंद केला, मला माहीत नाही.

किती वेळ वाकून होते कोण जाणे. मग फळीच्या पलीकडून यायचा तो खोकला आठवला. आठवला म्हणते, कारण दुसरं काय म्हणणार. मी सरळ उभी राहिले. एक चप्पल पायाने इकडे लोटली, एक तिकडे. माझी उलटी करून टाकली. आत जाऊन रेडिओ लावला, मोठ्याने, शेजारचे ओरडले तर ओरडू देत, आणि चहा टाकला. साखर मुठीने घातली.

कपात ओतेपर्यंत खालचा आवाज गेला होता.